गांडुळांच्या प्रजननावर पीक संरक्षण रसायनांचा परिणाम कसा तपासावा

फवारणीनंतर गांडुळे मेली नाहीत, म्हणून ते रसायन जमिनीला निर्धोक ठरवणे घाईचे होते. प्रौढ गांडूळ बऱ्याच रसायनांत जिवंत राहते, खाते, हालचालही करते. पण ते कोष, म्हणजे अंडी असलेल्या छोट्या पिशव्या, घालणे थांबवते, किंवा त्याच्या कोषांतून पिल्ले बाहेर येत नाहीत. तांब्याच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. ज्या मात्रेला गांडुळे मरू लागतात, तिच्या कित्येक पट कमी मात्रेलाच कोषांची संख्या घटलेली असते. अशा शेतात या वर्षी गांडुळे दिसतील आणि दोन-तीन वर्षांनी दिसणार नाहीत, आणि तोपर्यंत कारण शोधणे अवघड झालेले असेल. त्यामुळे चाचणीत मेलेल्या गांडुळांपेक्षा जन्मलेल्या पिल्लांची मोजणी महत्त्वाची ठरते. युरोपीय संघाने २०१३ च्या नियमांत चौदा दिवसांची तीव्र विषारीपणाची चाचणी गांडुळांसाठी वगळली आणि प्रजनन चाचणीच आवश्यक ठेवली, यामागेही हाच विचार होता.

पुढे दिलेली पद्धत ओईसीडीच्या, म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, मार्गदर्शिका क्रमांक २२२ वर आधारलेली आहे. ती प्रथम २००४ मध्ये स्वीकारली गेली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वजनकाटा, ओव्हन, सामूमापक (पीएच मीटर), पाण्याचे गरम कुंड आणि तापमान नियंत्रित ठेवता येईल अशी एक खोली असेल, तर ही चाचणी करता येते. उदाहरण म्हणून नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक, म्हणजे त्यातील तांबे, घेतले आहे. सेंद्रिय रसायने जमिनीत कमी-अधिक काळाने विघटित होतात, तांबे मात्र होत नाही. प्रत्येक छाटणीनंतरच्या फवारणीचे तांबे आधीच्या तांब्यात मिळत राहते.

चाचणीचा आराखडा

एका भांड्यात ५०० ते ६०० ग्रॅम कोरड्या वजनाची माती आणि दहा प्रौढ गांडुळे ठेवतात. पहिले चार आठवडे प्रौढ गांडुळे मातीत राहतात आणि कोष घालतात. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांना बाहेर काढून मोजतात व वजन करतात, आणि माती कोषांसह परत भांड्यात भरतात. आणखी चार आठवड्यांनी, म्हणजे छप्पन्नाव्या दिवशी, त्या मातीतील पिल्ले मोजतात. चाचणीत वापरल्या जाणाऱ्या आयसेनिया या गांडुळाचा कोष २० अंश सेल्सिअसला साधारण तीन-चार आठवड्यांत फुटतो. म्हणून चार आठवड्यांच्या मुदतीत बहुतेक सगळी पिल्ले बाहेर येतात आणि तरीही ती इतकी लहान असतात की प्रौढांशी त्यांची गल्लत होत नाही.

जिच्यापर्यंत परिणाम दिसत नाही ती मात्रा शोधायची असेल, तर किमान पाच मात्रा, प्रत्येकीची चार भांडी आणि रसायनाविना आठ भांडी, म्हणजे नियंत्रण भांडी, लागतात. दोन लगतच्या मात्रांमधले गुणोत्तर दोनपेक्षा जास्त असू नये. तांब्यासाठी दर किलो कोरड्या मातीला २५, ५०, १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम ही मालिका सुरुवातीला योग्य ठरते. एकूण २८ भांडी होतात, त्यांना २८० गांडुळे आणि जवळपास १७ किलो कृत्रिम माती लागते. निवडताना बरीच गांडुळे बाद होतात, म्हणून संवर्धनात याहून कितीतरी जास्त गांडुळे तयार असावीत.

गांडुळे

चाचणीसाठी आयसेनिया फेटिडा किंवा आयसेनिया आंद्रेई ही जात वापरतात. गांडूळखत प्रकल्पांत मिळणारी गांडुळे ‘फेटिडा’ म्हणून विकली जातात, पण त्यांत पेरिओनिक्स आणि युड्रिलस या जातींची भेसळ सर्रास आढळते आणि अशा मिश्र गटावर केलेली चाचणी निरुपयोगी ठरते. फेटिडाच्या अंगावर तांबड्या आणि फिकट पट्ट्यांची एकाआड एक रचना दिसते, आंद्रेई एकसारखे तांबडे असते, आणि दोन्हींचा मानेजवळचा जाड पट्टा, म्हणजे क्लायटेलम, खोगिरासारखा उठून दिसतो. पेरिओनिक्सचा पट्टा शरीराच्या पातळीतच असतो, त्याच्या पाठीवर निळसर जांभळी झाक असते आणि हात लागताच ते सळसळत पळते. युड्रिलस आकारानेच मोठे असते. शंका राहिली तर प्राणिशास्त्र विभागाकडून जात निश्चित करून घ्यावी आणि मगच एका शुद्ध गटापासून स्वतःचे संवर्धन वाढवावे.

संवर्धनासाठी शेण कोठून येते, हे बारकाईने पाहणे फार गरजेचे आहे. गोठ्यातील जनावरांना जंतांचे औषध दिलेले असेल तर त्याचा अंश शेणात उतरतो आणि तो गांडुळांनाही बाधतो. म्हणून अलीकडे औषधोपचार न झालेल्या जनावरांचेच शेण घ्यावे, ते उन्हात पूर्ण वाळवून बारीक करावे आणि एकाच वेळी संपूर्ण चाचणीला पुरेल इतके साठवून ठेवावे. मूत्राने भिजलेले ताजे शेण चालत नाही, कारण त्यातील अमोनिया गांडुळे सहन करत नाहीत. चाचणीतील खाद्यासाठीही हेच वाळलेले शेण वापरायचे असल्याने इथे काटकसर करू नये.

निवडलेली गांडुळे दोन महिने ते एक वर्ष वयाची, पट्टा स्पष्ट दिसणारी आणि वयात एकमेकांपासून चार आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नसलेली असावीत. फेटिडाचे वजन ३०० ते ६०० मिलिग्रॅम आणि आंद्रेईचे २५० ते ६०० मिलिग्रॅम या मर्यादेत असावे. चाचणीच्या आधी किमान एक दिवस त्यांना रसायनाविना असलेल्या त्याच कृत्रिम मातीत आणि त्याच खाद्यावर ठेवावे. शेणाच्या ढिगातून काढलेले गांडूळ थेट चाचणीच्या मातीत टाकले, तर पहिल्या काही दिवसांतील वजनाची घट रसायनामुळे झाली की माती बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही.

कृत्रिम माती

सर्व प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी तुलनीय राहावेत यासाठी माती ठरलेल्या घटकांची बनवतात. कोरड्या वजनाने १० टक्के स्फॅग्नम पीट (अर्धवट कुजलेले शेवाळ), २० टक्के केओलिन माती (पांढरी चिकणमाती) आणि सुमारे ७० टक्के बारीक सिलिका वाळू घेतात; सामू ६.० च्या आसपास, अर्ध्या एककाच्या फरकात, आणण्यासाठी ०.३ ते १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. वाळूचे निम्म्याहून अधिक कण ५० ते २०० मायक्रॉनचे असावेत. बांधकामाची वाळू चालत नाही आणि समुद्राची तर मुळीच नाही, कारण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. सिंधुदुर्गातील कासार्डे भागातून येणारी सिलिका वाळू योग्य चाळणीतून चाळून घेतल्यास उपयोगी पडते. पीट मॉस रोपवाटिकांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत मिळते. त्याऐवजी कोकोपीट घालण्याचा मोह होतो आणि उष्ण प्रदेशांतील काही संशोधकांनी तसा पर्याय वापरलाही आहे, परंतु कोकोपीटमध्ये क्षार जास्त असतात. ते वारंवार धुऊन, विद्युतवाहकता मोजून मगच घ्यावे आणि अहवालात त्याची स्पष्ट नोंद करावी.

मातीची जलधारण क्षमता आधी मोजावी लागते. तळाशी फिल्टर पेपर लावलेल्या नळीत थोडी माती घेऊन ती हळूहळू पाण्यात बुडवावी, तीन तास तशीच ठेवावी, मग ओल्याचिंब बारीक वाळूच्या थरावर दोन तास निथळू द्यावी. ओले वजन घेऊन १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी. राखून ठेवलेल्या पाण्याचे वजन भागिले कोरड्या मातीचे वजन, गुणिले शंभर, हा आकडा म्हणजे जलधारण क्षमता. चाचणीतील ओल या क्षमतेच्या ४० ते ६० टक्के असावी. मूठभर माती हातात दाबली असता गोळा व्हावा, पण बोटांच्या फटींतून पाणी येऊ नये, ही खूण हाताशी असलेली बरी. मात्र नोंद आकड्यांचीच करावी.

समजा क्षमता ६० टक्के आली. तिच्या निम्मी ओल म्हणजे १०० ग्रॅम मातीला ३० मिलिलिटर पाणी, आणि ६०० ग्रॅमला १८० मिलिलिटर. यातले सुमारे अर्धे, म्हणजे ९० मिलिलिटर, चाचणीच्या एक-दोन दिवस आधी मातीत मिसळून ठेवावे आणि उरलेले ९० मिलिलिटर रसायन विरघळवण्यासाठी राखावे.

मात्रा मोजणे आणि मिसळणे

शेतातील मात्रा आणि भांड्यातील मात्रा यांचा संबंध आधी लावावा. सर्वसाधारणपणे फवारा जमिनीच्या वरच्या ५ सेंटिमीटर थरात मिसळतो आणि मातीची घनता दर घनसेंटिमीटरला १.५ ग्रॅम असते, असे धरतात. एका हेक्टरचा असा थर ५०० घनमीटर, म्हणजे ७,५०,००० किलो भरतो. म्हणून हेक्टरी ७५० ग्रॅम रसायन म्हणजे दर किलो मातीला १ मिलिग्रॅम.

एक टक्का बोर्डो मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना असतो. हेक्टरी हजार लिटर फवारले तर दहा किलो मोरचूद पडते. मोरचुदात सुमारे २५.५ टक्के तांबे असते, म्हणजे हेक्टरी साधारण अडीच किलो तांबे. सगळे तांबे जमिनीवर पोचते असे धरले तर एका फवारणीने वरच्या थरात दर किलोला ३.४ मिलिग्रॅम तांबे वाढते. यातील काही भाग पानांवर अडतो हे खरे; परंतु पावसाने धुऊन आणि पानगळीने तोही अखेर बागेतच उतरतो.

चाचणीत दर किलोला १०० मिलिग्रॅम तांबे ठेवायचे असल्यास ६०० ग्रॅम मातीत ६० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे २३६ मिलिग्रॅम मोरचूद लागते. चार भांड्यांसाठी २.४ किलो मातीला एकत्रच ९४३ मिलिग्रॅम मोरचूद पाण्यात विरघळवून मिसळावे आणि मग ती माती चार भांड्यांत वाटावी. प्रत्येक भांड्यात वेगळे वजन करून मिसळल्यास भांड्याभांड्यांतील फरक वाढतो.

दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. मोरचुदाने माती आम्लधर्मी होते, त्यामुळे वरच्या मात्रांत सामू घसरतो आणि गांडुळांवरचा परिणाम तांब्याचा की आम्लतेचा, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक मात्रेचा सामू चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजावा. शिवाय प्रत्यक्ष बोर्डो मिश्रणच तपासायचे असेल, तर सर्वांत वरच्या मात्रेइतकाच चुना घातलेली, पण तांबे नसलेली भांडी अवश्य ठेवावीत. ही जास्तीची भांडी बहुतेक आराखड्यांत राहून जातात आणि नंतर निष्कर्षावर पहिला आक्षेप तिथेच येतो.

पाण्यात न विरघळणारे कीटकनाशक असेल तर ते अॅसिटोनमध्ये विरघळवून थोड्या बारीक वाळूवर टाकावे, धूरकपाटात अॅसिटोन पूर्ण उडू द्यावे आणि ती वाळू मातीत नीट घोळवावी. अशा वेळी फक्त अॅसिटोन लावलेल्या वाळूचा स्वतंत्र नियंत्रण गट आवश्यक असतो. जे उत्पादन शेतात फवारूनच वापरतात, त्याची चाचणी गांडुळे मातीत शिरल्यानंतर पृष्ठभागावर फवारूनही करता येते. तेव्हा मात्रा हेक्टरी प्रमाणात लिहावी.

पहिले चार आठवडे

गांडुळे पाण्याने धुऊन, फिल्टर पेपरवर क्षणभर टिपून एकेक तोलावीत. वजनाचे गट पाडून ती भांड्यांत चिठ्ठ्या टाकून वाटावीत, म्हणजे कोणत्याही भांड्यात केवळ जाडजूड किंवा केवळ लहान गांडुळे जाणार नाहीत. दहा गांडुळे मातीच्या पृष्ठभागावर सोडावीत आणि निरीक्षण करावे. चांगल्या मातीत ती थोड्याच वेळात खाली शिरतात. एखाद्या मात्रेत ती वरच पसरून राहिली, भांड्याच्या कडेने चढू लागली किंवा त्यांच्या अंगातून पिवळट द्रव सुटू लागला, तर ती नोंद त्याच वेळी लिहून ठेवावी. असे वर्तन पुढील आकड्यांचा अर्थ लावताना फार उपयोगी पडते. नियंत्रण भांड्यांतच गांडुळे वर राहिली, तर माती चुकली आहे असे समजून चाचणी तिथेच थांबवावी.

भांडी २० अंश सेल्सिअसला, दोन अंशांच्या फरकात, आणि सोळा तास उजेड व आठ तास अंधार अशी ठेवतात. उजेड ४०० ते ८०० लक्स असावा. उजेडामुळे गांडुळे मातीतच राहतात, म्हणून दिवे बंद करून ‘त्यांना अंधार आवडतो’ असे समजू नये. महाराष्ट्रात वर्षाचा बहुतेक काळ हे तापमान वातानुकूलनाशिवाय मिळत नाही. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून खोलीत कमाल-किमान तापमापक ठेवावा आणि रोज वाचन घ्यावे. एखाद्या दिवशी तापमान २६ अंशांवर गेले असेल तर ते लपवण्यासारखे काही नाही, पण नोंदीत नसेल तर सगळी चाचणी संशयास्पद ठरते. झाकणांना हवेसाठी बारीक छिद्रे असावीत.

गांडुळे सोडल्यानंतर एका दिवसाने प्रत्येक भांड्यात ५ ग्रॅम वाळलेले बारीक शेण पृष्ठभागावर पसरून पाच-सहा मिलिलिटर पाण्याने ओले करावे. त्यानंतर चार आठवडे दर आठवड्याला एकदा खाद्य द्यावे. आधीचे शेण न खाता पडून असेल आणि त्यावर बुरशी आली असेल तर नवीन कमी द्यावे व तसे लिहावे. खाद्य उरणे हेही परिणामाचे लक्षण असू शकते. प्रत्येक आठवड्याला भांडे तोलून उडालेले पाणी भरून काढावे.

अठ्ठाविसाव्या दिवशी माती ट्रेमध्ये ओतून प्रौढ गांडुळे हाताने हलकेच निवडावीत, जिवंत किती आणि वजन किती हे नोंदवावे. जे गांडूळ सापडत नाही ते मेलेले धरावे, कारण मेलेले गांडूळ मातीत लवकर कुजून जाते. या वेळी कोष दिसतात: लिंबाच्या घडणीचे, दोन्ही टोकांना निमुळते, दोन ते चार मिलिमीटर लांब, ताजे असताना पिवळसर आणि पुढे तांबूस तपकिरी. ते दबणार नाहीत याची काळजी घेत माती भांड्यात परत भरावी आणि ५ ग्रॅम शेण या वेळी मातीत मिसळून द्यावे. पुढील चार आठवड्यांत खाद्य देत नाहीत. फक्त ओल सांभाळतात.

पिल्लांची मोजणी

छप्पन्नाव्या दिवशी भांडे पाण्याच्या कुंडात ठेवतात. कुंडातील पाणी सुरुवातीला ४० अंशांवर असावे आणि ते हळूहळू ६० अंशांपर्यंत वाढवावे. कडेची आणि तळाची माती तापू लागते, तशी पिल्ले वरच्या थंड थराकडे येतात आणि साधारण वीस मिनिटांत पृष्ठभागावर दिसू लागतात. ती चिमट्याने उचलून पाण्याच्या बशीत टाकत मोजावी. पांढरट गुलाबी, दोऱ्याइतकी बारीक पिल्ले ओल्या शेणाच्या तंतूंत सहज निसटतात, म्हणून बशी काळ्या कागदावर ठेवून दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा मोजावे. वर येणे थांबल्यावर माती हाताने फोडून राहिलेली पिल्ले शोधावी. मोजणाऱ्याला कोणते भांडे कोणत्या मात्रेचे आहे हे माहीत नसलेले उत्तम. त्यासाठी भांड्यांना केवळ सांकेतिक क्रमांक द्यावेत. पद्धत किती पिल्ले पकडते हे ठरवण्यासाठी ठरावीक संख्येची पिल्ले स्वच्छ मातीत सोडून आधी एकदा सराव करावा.

वेळ असेल तर मोजणीनंतर माती चाळणीवर धुऊन कोषही मोजावेत. रिकामे कोष सहसा पाण्यावर तरंगतात. कोषच कमी असतील तर रसायनाने कोष घालण्यावर परिणाम केला. कोष भरपूर असूनही पिल्ले कमी असतील तर कोषातील वाढ खुंटली. दोन्ही परिणाम वेगळे आहेत आणि केवळ पिल्लांच्या आकड्यावरून ते ओळखता येत नाहीत.

चाचणी ग्राह्य कधी

नियंत्रणाच्या प्रत्येक भांड्यात किमान ३० पिल्ले असावीत, नियंत्रण भांड्यांतील पिल्लांच्या संख्येचा विचरण गुणांक (सरासरीच्या तुलनेतील चढउतार) ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, आणि पहिल्या चार आठवड्यांत नियंत्रणातील प्रौढांची मर १० टक्क्यांच्या आत असावी. या तिन्हींपैकी एकही अट मोडली तर रसायनाविषयी काहीही म्हणू नये, मग वरच्या मात्रांत फरक कितीही ठळक दिसो.

याशिवाय संवर्धन संवेदनशील आहे का हे तपासण्यासाठी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची चाचणी घेतात. दर किलो मातीला १ ते ५ मिलिग्रॅम क्रियाशील घटकाला पिल्लांची संख्या लक्षणीय घटायला हवी. ५० टक्के भुकटी वापरत असाल तर वजन दुप्पट घ्यावे लागते. हे बुरशीनाशक पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांना अडवते, त्यामुळे शुक्रपेशींची निर्मितीही बिघडते. याच गटातील बेनोमिल जमिनीत कार्बेन्डाझिममध्येच बदलते; इंग्लंडच्या सफरचंद बागांत त्याच्या फवारणीने गांडुळे नाहीशी झाली, गळलेली पाने जमिनीत ओढली जाईनाशी झाली आणि पानांवर तग धरणाऱ्या खपल्या रोगाच्या बुरशीला आसरा मिळाला. भारतात बेनोमिलवर २०१८ मध्ये बंदी आली.

आकड्यांचा अर्थ

पिल्लांच्या संख्येचे वितरण आणि विचरणाची समानता तपासून, नियंत्रणाशी तुलना डनेट किंवा विल्यम्स यांच्या संख्याशास्त्रीय चाचणीने करावी. दहा किंवा पन्नास टक्के घट करणारी मात्रा काढायची असेल तर मात्रा-प्रतिसाद वक्र बसवावा. आर या मोफत संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीतील डीआरसी संच त्यासाठी पुरेसा आहे. मला स्वतःला दहा टक्के घटीची मात्रा, तिच्या विश्वास मर्यादांसह, जास्त प्रामाणिक वाटते. ‘परिणाम न दिसलेली मात्रा’ ही आपण निवडलेल्या मात्रांपैकीच एक असते, आणि भांडी कमी घेतली किंवा मोजणी ढिसाळ झाली तर ती आपोआप वर सरकते.

युरोपीय पद्धतीत परिणाम न दिसलेल्या मात्रेला शेतातील अपेक्षित मात्रेने भागतात, आणि भागाकार ५ पेक्षा कमी आला तर अधिक तपास करावा लागतो. समजा तांब्यासाठी परिणाम न दिसलेली मात्रा ५० आली. बोर्डोच्या एका फवारणीचे ३.४ धरले तर भागाकार जवळपास १५ येतो आणि चिंतेचे कारण दिसत नाही. तीन फवारण्यांचे तांबे साठले की मात्रा १०.२ होते आणि भागाकार ४.९ वर येतो. एका फवारणीवरून काढलेला निष्कर्ष तांब्याला लागू का करू नये, हे इथे दिसते.

हा हिशेब शेतावर जसाच्या तसा मात्र लावता येत नाही. नुकतेच मिसळलेले तांब्याचे क्षार जमिनीत जुन्या झालेल्या तांब्यापेक्षा अधिक विषारी ठरतात. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या जमिनीत एकूण तांबे मुळातच बरेच असते, पण चिकणमाती, चुनखडी आणि जास्त सामू यांमुळे त्यातले फार थोडे गांडुळाला भिडते. शिवाय आयसेनिया शेणाच्या ढिगात राहणारी जात आहे. आपल्या शेतांत लॅम्पिटो मॉरिटीसारखी मातीत बिळे करणारी गांडुळे असतात. म्हणून कृत्रिम मातीतील निकाल हाती आल्यानंतर दुसरी फेरी बागेच्या स्वतःच्या मातीत घ्यावी. बागेच्या बांधावरची, कधीही फवारणी न झालेली माती नियंत्रणासाठी घ्यावी, वेलींच्या ओळीतील माती तुलनेसाठी घ्यावी, आणि दोन्हींतील एकूण तांब्याबरोबरच माती परीक्षण प्रयोगशाळेत होणारी डीटीपीए पद्धतीची उपलब्ध तांब्याची तपासणीही करून घ्यावी. दोन्ही मातींचा पोत, सेंद्रिय कर्ब आणि सामू शक्य तितका सारखा असावा. नसेल तर पिल्लांच्या संख्येतील फरकाचे श्रेय तांब्याला देता येत नाही.

चाचणीतील माती आणि गांडुळे गांडूळखताच्या खड्ड्यात किंवा संवर्धनात परत टाकू नयेत. माती वेगळ्या पिशवीत भरून, रसायनाचे नाव व मात्रा लिहून, संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावी.